धुऱ्यावरची कळलावी

पोळ्याच्या आगेमागे यवतमाळ जिल्ह्यात वणीहून करंजीकडे निघालं की मारेगावच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी आणि सोयाबीनची वावरं लागतात. पाऊस नीट झाला असेल तर पऱ्हाटी कमरेला आलेली असते. वावरांच्या कडेला धुरे, धुऱ्यांवर बोरी, पळस, हिवर, खाली तरोटा, आणि या सगळ्या दाटीतून वर चढलेला एक बारीक वेल. हा वेल आधार धरतो तो पानाच्या टोकानं. पान निमुळतं होत जातं, शेवटी त्याचाच आकडा होतो आणि काटकी सापडली की तिला वेढा घालतो. फूल उमलताना हिरवट, मग खालून पिवळं नि वरून तांबडं, आणि जुनं होईल तसं सगळंच लाल. सहाही पाकळ्या मागे उलटलेल्या, कडा मुरडलेल्या. शहरातला माणूस गाडी थांबवून फोटो काढतो. गावातलं पोर जवळ गेलं तर मागून हाक येते, ‘हात नको लावू बाप्पा, कळलावी हाय ते.’

कळलावी. कोणी खड्यानाग म्हणतं, कोणी बचनाग. संस्कृतात लांगली, कलिहारी, अग्निशिखा. लिनियसनं १७५३ साली तिला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ हे नाव दिलं. एवढं कौतुकाचं नाव फार थोड्या झाडांच्या वाट्याला आलं असेल. तमिळनाडूचं ते राज्यफूल, झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल. १९४७ साली राजकन्या एलिझाबेथ आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेली, तेव्हाच्या ऱ्होडेशियात तिला याच फुलाच्या आकाराची हिऱ्यांची पिन भेट मिळाली. कोकणात गौरीच्या पूजेत ही फुलं मानानं येतात. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात त्याच दिवसांत ती धुऱ्यावर ऐन बहरात असते, पण घरात कोणी आणत नाही. घरात आणली तर भांडणं लागतात, असं म्हणायचं आणि विषय संपवायचा.

भांडणाचं जाऊ द्या. घरात न आणण्याचं खरं कारण जमिनीखाली आहे.

ओळखीच्या एका शेतकऱ्यानं मला एक वेल खणून दाखवला. वेल खोडाशी धरून ओढला तर तुटतो, कंद वर येत नाही. म्हणून त्यानं वीतभर लांबून सब्बल घातली, ओलं ढेकूळ उचललं आणि हलक्या हातानं फोडलं. आत बोटाएवढ्या जाडीचे दोन कंद निघाले, एका टोकाशी जुळलेले, एक लांब, एक आखूड. जुन्या लाकडी नांगराचा कोन असतो तसा त्यांचा आकार. लांगली हे नाव त्यावरूनच पडलं. साल तपकिरी, कागदासारखी सुटणारी. सब्बलीचं टोक लागून एका जागी चिरलं होतं, तिथं आत पांढरं शुभ्र. डोळा फक्त कंदाच्या टोकाला असतो. टोक मोडलं तर पुढच्या पावसात वेल येत नाही. जुना कंद दरवर्षी सुरकुतून जातो, त्याच्या जागी नवी जोडी धरते.

शेतकऱ्यानं तो कंद माझ्या हातात दिला नाही. पळसाच्या पानावर ठेवला. माझं बघून झाल्यावर त्याच खड्ड्यात परत पुरला, वरून पायानं माती दाबली, डबक्यातल्या पाण्यानं हात चोळून धुतले आणि मगच पिण्याच्या बाटलीला हात लावला. हे कोणी शिकवलं म्हणून विचारलं तर त्याला हसू आलं. असल्या गोष्टी कोणी शिकवत नाही, त्या घरात असतात.

या मुळीचे उपयोग बऱ्याच पुस्तकांत सापडतात. गावाकडे मात्र उपयोगाच्या आधी मनाई सांगतात. कोणी खणायची, कुठं ठेवायची, अंगाला कुठं लावायची आणि कधी काढून टाकायची. मला वाटतं, या झाडाबद्दलचं खरं ज्ञान ते हेच.

*

मारेगाव, झरी जामणी, केळापूर, वणी, घाटंजी, राळेगाव या भागात कोलामांची पोडं आहेत. मुख्य गावापासून जरा सुटी, टेकडीच्या अंगाला किंवा जंगलाच्या तोंडाशी वसलेली वस्ती म्हणजे पोड. विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून सरकारनं महाराष्ट्रात तीन जमाती नोंदल्या आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलामी भाषा द्राविडी कुळातली. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी तिचं व्याकरण लिहिलं, ते १९५५ साली छापून आलं. शेजारच्या आदिलाबादेत काम केलेल्या हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञानं नोंदवून ठेवलं आहे, की गोंडांच्या गावातही स्थानिक देवांचं करायला कोलाम पुजाऱ्याला बोलवत. जो देव शांत करतो त्याला झाडपालाही कळत असणार, असा हिशेब आजूबाजूची शेतकरी गावंही मांडत आली. दवाखाना लांब होता तोवर तो हिशेब मोडण्याची कोणाला गरज पडली नाही.

कळलावीचा सगळ्यांत मोठा उपयोग बाळंतपणातला. कळा सुरू होऊन थंडावल्या, रात्र उलटून गेली, बाई थकली, की सुईण मूळ मागवायची. विदर्भातच नव्हे, महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही ही रीत जवळजवळ सारखीच आढळते. मूळ उगाळून बेंबीच्या खाली किंवा तळपायांना लेप लावायचा. नाहीतर दोऱ्यात गुंडाळून कमरेला, मांडीला किंवा केसांत बांधायचं. पोटात द्यायचं नाही. आणि सगळ्यांत कडक नियम शेवटचा: लेकरू बाहेर आलं की त्याच घटकेला मूळ सोडायचं, लेप पुसून काढायचा. विसरलात तर लेकरामागून आतडीही बाहेर येतील, अशी धमकी. सुईणीच्या हाताखाली एक बाई फक्त एवढ्याच कामाला बसवलेली असायची.

आतडी बाहेर येत नाहीत, हे उघड आहे. पण या धमकीनं काय साधलं ते बघा. विषारी मूळ अंगाला लागून राहण्याची वेळ कमीत कमी झाली. लेपाचे हात बाळाच्या तोंडाला, आईच्या छातीला लागण्याआधी पुसले गेले. कारण चुकीचं होतं, नियम बरोबर होता. लोकज्ञानात असं पुष्कळदा होतं, आणि आपण शिकलेले लोक चुकीच्या कारणाला हसता हसता बरोबर नियमही फेकून देतो.

मुळीनं कळा खरंच येत होत्या का? प्रसूतिशास्त्रात कळा वाढवायला ऑक्सिटोसिन वापरतात. कळलावीला तिथं जागा नाही. माझा अंदाज असा, की बहुतेक काम सुईणीच्या हातानं, धीरानं आणि थोडा वेळ जाऊ दिल्यानं होत असावं, आणि नाव मुळीचं होत असावं. ज्या बायका अडल्या आणि गेल्या, त्यांच्या बाबतीत मुळीला कोणी जाब विचारला नाही.

आता पोथ्यांकडे वळू. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, अडलेल्या बाईला हुंगायला जे चूर्ण सांगितलं आहे त्यात कोष्ठ, वेलची, वेखंड, चित्रक यांच्याबरोबर लांगली आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात दहाव्या अध्यायात वार पडत नसेल तर लांगलीच्या मुळाचा कल्क हातापायांच्या तळव्यांना लावायला सांगितला आहे. म्हणजे सुईण जे करत होती तेच. पोथीतून ते पोडावर गेलं की पोडावरून पोथीत आलं, याचा निकाल लावायला पुरावा नाही. पण चरकानं स्वतःच सूत्रस्थानात सांगून ठेवलंय, की वनस्पतींची नावं नि रूपं शेळ्या-मेंढ्या-गाई राखणाऱ्यांना आणि वनात राहणाऱ्यांना ठाऊक असतात. पुढे तो हेही बजावतो, की नुसतं नाव-रूप कळून भागत नाही, योजना कळली पाहिजे; योग्य योजनेनं तीव्र विषही औषध होतं आणि चुकीच्या योजनेनं औषधाचंही विष होतं. भावप्रकाशात या झाडाच्या नावांमध्ये ‘गर्भनुत्’ असंही एक नाव आहे. गर्भ पाडणारी. त्या नावाकडे परत यावं लागणार आहे.

पुढच्या रसग्रंथांनी लांगलीला सरळ उपविषांत बसवलं: रुई, निवडुंग, धोतरा, कण्हेर, गुंज, अफू यांच्या पंगतीत. वापरण्याआधी गोमूत्रात भिजवून शोधन करायचं. मूळव्याधीवरच्या कासीसादी तेलात ती आहे, सांध्यांना चोळायच्या महाविषगर्भ तेलातही आहे. दोन्ही बाहेरून लावायची. आजच्या कायद्यानंही हीच खूणगाठ बांधली आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘इ-१’ परिशिष्टात आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे, तिच्यात लांगलीचं नाव आहे, आणि अशी द्रव्यं असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावं असा इशारा छापावा लागतो. सुईण, सुश्रुत आणि सरकार यांचं एका गोष्टीवर एकमत होण्याचे प्रसंग थोडे. हा त्यांतला एक.

*

विष कोणतं? कोल्चिसिन. १८२० साली पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू या दोघांनी ते युरोपातल्या कोल्चिकम नावाच्या झाडातून वेगळं केलं. त्याच वर्षी या जोडीनं सिंकोनाच्या सालीतून क्विनाइनही काढलं. आपल्या कळलावीतही तेच द्रव्य आहे, हे १९१५ साली इंग्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं. दोन्ही झाडं आता एकाच कुळात धरतात.

कोल्चिसिन काय करतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं. शरीरातली पेशी एकाची दोन होते तेव्हा गुणसूत्रांची वाटणी बारीक तंतूंनी ओढून होते. कोल्चिसिन हे तंतू तयारच होऊ देत नाही. पेशी मधेच अडकते आणि मरते. म्हणून ज्या पेशी सतत वाढत असतात त्यांच्यावर पहिला घाव बसतो: आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळं. आणि पोटातला गर्भ.

वनस्पतींच्या पैदासकारांनी हाच गुण कामाला लावला. १९३७ साली अमेरिकेत ब्लेकस्ली आणि अ‍ॅव्हरी यांनी कोल्चिसिन वापरून झाडांतली गुणसूत्रं दुप्पट करून दाखवली. वाटणी होऊ दिली नाही की दोघांचा हिस्सा एकाच पेशीत राहतो. जपानमध्ये किहारा यांनी या मार्गानं बिनबियांचं टरबूज तयार केलं. उन्हाळ्यात आपण जे बिनबियांचं टरबूज फोडतो, त्याची वंशावळ कोल्चिसिनपर्यंत पोचते.

औषध म्हणून कोल्चिसिन जुनंच. गाउट म्हणजे युरिक आम्लानं सुजणाऱ्या अंगठ्याच्या सांध्यावर ते आजही देतात. अलीकडे हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधला दाह कमी करायला अगदी थोड्या मात्रेत ते वापरून पाहिलं गेलं, आणि जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अर्धा मिलिग्रॅमच्या गोळीला त्यासाठी मान्यता दिली. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे किती? चिमटीत धरता येणार नाही, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकं. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांच्यातलं अंतर इतकं थोडं असणारी औषधं फार नाहीत. कंदात किती कोल्चिसिन आहे हे कंद बघून कळत नाही. जमिनीप्रमाणे, वयाप्रमाणे, हंगामाप्रमाणे ते बदलतं. कारखान्यात गोळी मोजून बनते. पाट्यावर उगाळलेली मुळी मोजता येत नाही.

याच झाडाचा आणखी एक वंशज मारेगावच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतो. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळपासून वाकून असतात. संध्याकाळी कंबर धरते. डॉक्टर लिहून देतात त्या कंबरदुखीच्या गोळ्यांत पुष्कळदा थायोकोल्चिकोसाइड असतं, स्नायूंची आकड सैल करणारं. ते कळलावीच्या बियांतून निघणाऱ्या द्रव्यापासून बनवतात. धुऱ्यावर जिला हात लावायचा नाही ती वेष्टनातून घरी येते, आणि कोणाला पत्ता नसतो. युरोपच्या औषध यंत्रणेनं २०१३ साली या औषधावर बंधनं घातली: सोळा वर्षांखालच्यांना नाही, पोटातून सात दिवसांपेक्षा जास्त नाही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला नाही, मूल होण्याच्या वयातल्या बाईला गर्भनिरोधक चालू असल्याशिवाय नाही. ‘गर्भनुत्’ हे नाव मी मघाशी बाजूला ठेवलं होतं. प्रयोगशाळेनं वेगळ्या वाटेनं जाऊन तेच सांगितलं. वेचणीतल्या तरण्या बाईला ही गोळी देताना ‘दिवस गेलेत का’ हा प्रश्न किती ठिकाणी विचारला जातो, हे वाचणाऱ्या डॉक्टरांनी आपापल्या मनाशी तपासावं.

या बिया येतात कुठून? बहुतेक तमिळनाडूतून. दिंडिगल जिल्ह्यात ओड्डनचत्रमच्या बाजूला, मूलनूर आणि अरवकुरिची भागात, तिकडे समुद्राकाठी वेदारण्यमला शेतकरी कळलावी लावतात. मांडवावर वेल चढवतात. फुलाचा स्त्रीकेसर देठाशी काटकोनात वळून पुंकेसरांपासून लांब गेलेला असतो, त्यामुळे परागण आपोआप पुरेसं होत नाही. सकाळच्या वेळी मजूर बाया फुलाफुलाला हातानं पराग लावत फिरतात. बिया वाळवून अर्क काढणाऱ्या कंपन्यांना जातात, अर्क परदेशी जातो. मग आपल्याकडे का लावू नये, असा प्रश्न सभेत कोणीतरी उठून विचारतोच. त्याला माझं उत्तर एकच: सफेद मुसळी आठवा. २००० च्या आसपास मुसळीच्या बेण्यात लाखाचे बारा हजार झालेले शेतकरी विदर्भात आजही भेटतात. खरेदीदार कोण, भाव कोणी बांधला, आणि बांधावर खेळणाऱ्या लेकरांचं काय, या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय कोरडवाहू शेतकऱ्यानं या वाटेला जाऊ नये.

*

यवतमाळ जिल्ह्याला विष नवीन नाही. २०१७ च्या पावसाळ्यात, जुलै ते ऑक्टोबरमध्ये, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकड्यांनी दवाखान्यांत पडले. यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले होते. त्या पावसानंतर फवारणीचे हातमोजे, तोंडाची पट्टी यांवर भाषणं झाली. एक जुनी गोष्ट मात्र कोणी बोललं नाही: याच गावांत मुळी खणल्यावर हात धुतल्याशिवाय पाणी न पिण्याचा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला जात होता. कळलावीचं विष ओळखीचं होतं, त्याला नाव होतं, मनाई होती. डब्यातलं विष आलं ते इंग्रजी अक्षरांत, आणि त्याच्यासोबत घरातलं कोणी काही सांगायला नव्हतं.

कळलावीची विषबाधा फसवी असते. कंद पोटात गेल्यावर काही तासांत घशाला जळजळ, उलट्या, मग पाण्यासारखी हगवण. भाद्रपदात ही लक्षणं घेऊन येणाऱ्याला कोणीही दूषित पाण्याची हगवण समजेल. सलाइन लागतं, एक-दोन दिवसांत जरा बरं वाटतं आणि घरचे म्हणतात, चला आता. खरा धोका त्यानंतर येतो. मूत्रपिंड, यकृत, हृदय ढासळतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, साधा जंतुसंसर्गही आवरत नाही. जे यातून वाचतात त्यांचे केस साधारण दुसऱ्या आठवड्यात झडू लागतात. पुढे ते पुन्हा येतात. याच्यावर सहज मिळणारा उतारा नाही. लवकर पोट धुणं, कोळसा देणं आणि मग शरीराला तग धरायला मदत करत राहणं, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. श्रीलंकेत या कंदाच्या विषबाधेवर पुष्कळ लिहिलं गेलंय. तिथं रताळं किंवा रानकंद समजून शिजवून खाल्ल्याच्याही घटना आहेत. शिजवल्यानं विष जात नाही.

नावाचाही घोटाळा आहे. आपल्याकडे कळलावीला बचनाग म्हणतात, आणि बाजारात बचनाग मागितला तर हिमालयातलं वत्सनाभ हातात पडू शकतं. दोन्ही विषारी, पण जात वेगळी: वत्सनाभ थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. वनस्पती एक, चिठ्ठीवर नाव दुसरं आणि पुडीत तिसरंच, असं झाडपाल्याच्या दुकानात होतं. मोबाइलवर ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून फिरणाऱ्या चित्रफितींत तर फूल दाखवतात आणि मुळी पोटात घ्यायला सांगतात. पोडावरच्या कोणत्याही जाणत्यानं हे सांगितलं नसतं. ज्यानं झाड पाहिलंय त्याला त्याची भीती असते. ज्यानं फक्त चित्र पाहिलंय त्याला भीती कुठून येणार?

साप-विंचवावरही कळलावी उगाळून लावायची पद्धत आहे. विंचवाच्या बाबतीत लेपानं आग थोडी दबल्यासारखी वाटत असेल, वाटो. सापाच्या बाबतीत मी स्पष्ट लिहितो: नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर ही मुळी काहीही करत नाही. उतारा एकच, प्रतिसर्पविष, आणि तो दवाखान्यातच. मुळी शोधायला गेलेला अर्धा तास हा त्या माणसाच्या आयुष्यातून गेलेला अर्धा तास असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून लाल विंचवाच्या दंशाचे रोगी वाचवले, ते खेड्यात राहून, रात्री जागून, नोंदी ठेवून. लोकांचं औषध तपासायचं असेल तर तशाच चिकाटीनं तपासावं लागतं.

आता ‘गर्भनुत्’. याबद्दल गावात मोठ्यानं कोणी बोलत नाही. नको असलेला गर्भ पाडण्यासाठी ही मुळी वापरली गेली आहे, खेडोपाडी, आणि तीही पोटात देऊन किंवा त्याहून वाईट रीतीनं. इथं सुईणीची मनाई मोडलेली होती, आणि ती मोडायला लावणारी भीती समाजाची होती. यात बाया मेल्या आहेत. १९७१ चा गर्भपाताचा कायदा आल्यावर, २०२१ च्या दुरुस्तीनं काही प्रसंगी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढल्यावर, कोणत्याही बाईला मुळीकडे जायचं कारण उरलेलं नाही. अविवाहित असो, विधवा असो, सरकारी दवाखान्यात तिचं नाव गुप्त ठेवणं हे कायद्यानं बंधन आहे. हे वाक्य पोडापर्यंत पोचवायला आशाताईच हवी.

*

बाळंतपणातली कळलावी आता जवळजवळ संपली. २००५ पासून जननी सुरक्षा योजना आली, २०१४ मध्ये १०८ ची रुग्णवाहिका आली. मारेगावला ग्रामीण रुग्णालय आहे, वणी जवळ आहे. पावसाळ्यात एखाद्या पोडाचा रस्ता नाल्यानं तुटतो तेव्हा जुन्या सुईणीची आठवण होते, एवढंच. मुळी गेली याचं मला जराही वाईट वाटत नाही. अडलेल्या बाईला शस्त्रक्रियेची खोली हवी, लेप नको.

मात्र वेलही चाललाय, आणि त्याचं कारण दवाखाना नाही. कळलावी जगते धुऱ्यावर, कारण धुरा नांगरला जात नाही. आता धुऱ्यावरही तणनाशक मारतात. मजूर मिळत नाही, निंदणाचा खर्च झेपत नाही, आणि तणनाशकाला दाद न देणारं बेकायदा कपाशीचं बियाणं या पट्ट्यात उघड गुपित आहे. पंपानं एक फेरी मारली की तरोटा, केना, कळलावी सगळं एका आठवड्यात पिवळं पडतं. कंद खोल असेल तर एखाद वर्ष पुन्हा फुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या फवारणीनंतर फुटत नाही. वनखात्याच्या हद्दीतल्या वनस्पतीला कागदावर तरी संरक्षण असतं. धुऱ्यावरच्या वेलाचा वाली कोणी नाही.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी बायांकडून झाडांच्या गोष्टी ऐकून ‘गोईण’ लिहिलं. बाई आणि झाड यांचं नातं काय असतं, ते त्या पुस्तकात बायांच्या तोंडून येतं. यवतमाळच्या कोलाम पोडांवर तसं बसून ऐकायचं काम अजून पुष्कळ बाकी आहे, आणि ते सांगू शकणाऱ्या म्हाताऱ्या दरवर्षी कमी होताहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करायची आहे. राष्ट्रीय हरित लवादानं जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर या वह्या भराभर झाल्या. कशा झाल्या ते ग्रामपंचायतीच्या कपाटात जाऊन बघावं. झाडाचं नाव, शास्त्रीय नाव, उपयोग असे रकाने भरलेले असतात. मारेगाव तालुक्यातल्या ज्या गावांच्या वहीत कळलावी आहे, तिथल्या समितीनं उपयोगाशेजारी मनाईही लिहावी: कंद पोटात द्यायचा नाही, उघड्या हातानं चिरायचा नाही, लेकरांच्या आवाक्यात ठेवायचा नाही, खणला तर पुरून हात धुवायचे. हे सांगणाऱ्या बाईचं नाव, तिची परवानगी घेऊन, त्या ओळीपुढे लिहावं. ज्ञान तिचं आहे.

आणि शेतकरी वाचकांना दोन विनंत्या. धुऱ्यावर पंप फिरवताना कळलावीचा वेल दिसला तर तेवढा हातभर तुकडा सोडून द्या. ती पिकात शिरत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. कोणाच्या पोटात हा कंद गेल्याचा नुसता संशय आला तरी उलट्या होण्याची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, वेलाचा किंवा कंदाचा तुकडा पिशवीत घालून बरोबर न्या, डॉक्टरला ‘कळलावी’ हा शब्द सांगा, आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटतंय म्हणून माणसाला घरी आणू नका.